उरलेले ३८ फॉर्म

आदरणीय मॅडम,

मी ३७ वर्षांची आहे, मानेवाड्याला राहते. अर्थशास्त्रात सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झाले आहे आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. फेब्रुवारी २०२० मध्ये पीएच.डी.ची नोंदणी झाली. विषय : काटोल आणि नरखेड तालुक्यांतल्या संत्रा उत्पादकांची विक्रीव्यवस्था. महिन्याभरातच लॉकडाऊन लागलं. २०२२ मध्ये मुलगा झाला. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, ३०० शेतकऱ्यांच्या मुलाखती लिहिल्या होत्या, त्यांतल्या २६२ झाल्या. उरलेल्या ३८ साठी दोन वर्षांपासून जाईन जाईन म्हणते. कधी तोडणीची घाई, कधी पेपर तपासणी, कधी पोराचा ताप. मुलाखतींच्या झालेल्या फॉर्मपैकी ९० कॉम्प्युटरवर चढवलेत. मधल्या काळात बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आणि बाजाराचं चित्रच बदललं, त्यावर एक प्रकरण घालावं असं वाटतं. पहिलं प्रकरण ७० पानांचं झालं आहे. माझे मार्गदर्शक सर पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत, आणि मी चार महिने त्यांना तोंड दाखवलेलं नाही. येत्या फेब्रुवारीत सहा वर्षं पूर्ण होतील. सासूबाई विचारतात, "तुमचं ते होऊन राहिलं का नाही?" नरखेडकडचे एक काका अजून फोन करतात, "ताई, आमचं नाव छापून आलं का?" मुदतवाढ मागू, की सोडून देऊ?

– एक संशोधक, नागपूर

बाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. प्राध्यापकीतून निवृत्त झाले तरी सवय जात नाही. पूर्ण पत्रात एकाच आकड्याखाली रेघ ओढली : ३८.

मुळात ३०० हा आकडा आला कुठून, आठवतं का? मला अंदाज आहे. सिनॉप्सिस लिहिताना कोणीतरी म्हणालं असेल, "तीनशे ठेवा, बरं दिसते." मी स्वतः माझ्या विद्यार्थ्यांना असं सांगितलेलं आहे, म्हणून इतक्या खात्रीने बोलते. गोल आकडा, कमिटीसमोर शोभून दिसणारा. आता त्या गोल आकड्यापायी तुमची दोन वर्षं गेली, तर त्या ३८ ची किंमत तरी काढून पाहू. तुम्ही अर्थशास्त्राच्या, तुम्हाला जड जाणार नाही. यादृच्छिक नमुन्यातून काढलेल्या टक्केवारीत ९५ टक्के विश्वासपातळीवर जास्तीत जास्त किती फरक पडू शकतो, हे काढायला ९८ ला नमुन्याच्या वर्गमुळाने भागायचं. ३०० शेतकरी असले तर उत्तर येतं ५.६६ टक्के. २६२ असले तर ६.०५. फरक ०.३९. अर्धा टक्कासुद्धा नाही!

शेतकरी यादृच्छिक पद्धतीने निवडले नसतील, ओळखीच्या माणसाने ज्यांच्या बगीच्यात नेलं त्यांचेच फॉर्म भरले असतील, तर हे सूत्र लागू होत नाही. पण मग ३०० चाही उपयोग नाही आणि ६०० चाही नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेला परीक्षक "तीनशेला ३८ कमी काहून?" असं सहसा विचारत नाही. तो विचारतो, "हे २६२ निवडले कसे?" गावं कशी घेतली, यादी कुठून मिळाली, दोन एकरवाला आणि वीस एकरवाला दोघेही आलेत का. या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वहीत असणार, कारण तेव्हा तुम्ही उन्हातान्हात फिरलेल्या आहात. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात सरळ लिहा : ३०० मुलाखती ठरवल्या होत्या, २६२ पूर्ण झाल्या, म्हणजे ८७ टक्के. उरलेल्या का झाल्या नाहीत, ते दोन ओळींत. सरांना सांगा, सहा महिन्यांच्या प्रगती अहवालात त्याची नोंद करा. लपवायचं काही नाही, आणि रडायचंही नाही.

आता जरा टोचणारं बोलते. ते ३८ फॉर्म तुम्हाला हवे आहेत असं मला वाटत नाही. ते उरलेले असणं तुम्हाला हवं आहे. ते आहेत तोवर फील्डवर्क सुरू आहे. फील्डवर्क सुरू आहे तोवर बाकीचे १७२ फॉर्म चढवले नाहीत तरी चालतं, ते चढले नाहीत तोवर तक्ते निघत नाहीत, आणि तक्ते नाहीत म्हणून सरांकडे जायला तोंड नाही. सगळी गाडी त्या ३८ जणांच्या दारात उभी आहे आणि त्या बिचाऱ्यांना पत्ताही नाही.

मला हे कळतं, कारण मीही हेच केलं होतं. माझ्या वेळी कॉम्प्युटर नव्हता, चपलांच्या खोक्यांमध्ये कार्डं लावलेली असायची. एका कचेरीतली एक जुनी फाईल मिळाल्याशिवाय तिसरं प्रकरण लिहायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. चौदा महिने खेटे घातले. बाबू म्हणायचा, "मॅडम, पुढच्या सोमवारी." मी आनंदाने घरी यायची. हो, आनंदाने. हे मला फार पुढे उमगलं. सोमवारपर्यंत लिहायला लागणार नाही, याचा तो आनंद होता. फाईल शेवटी मिळाली, तिच्यातून दीड पान झालं, आणि व्हायवाला तिच्याबद्दल एक शब्द कोणी काढला नाही. त्या दिवशी पाऊण तास वाद झाला तो एका तक्त्याच्या बेरजेवर.

तुमच्या शेतकऱ्यांकडून तुम्ही ताण देणं ऐकलंच असेल. झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग पाणी सोडून बहार घ्यायचा. २६२ जणांशी बोललात, त्यांच्यात दोन वर्षं ताण दिलेला एकतरी भेटला का?

तेव्हा फील्डवर्क आज बंद. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या महालात, इतवारीत मारबतीचा पुतळा नेताना पीडा घालवायला जे ओरडतात, तेच या ३८ फॉर्मांना : घेऊन जा गे मारबत! त्यासाठी ऑगस्टची वाट पाहू नका मात्र. कोरे फॉर्म रद्दीत घाला, पाठीमागे मुलाला चित्रं काढता येतील.

बांगलादेशचंही तेच. आयात शुल्काचा फटका खरा आहे, विदर्भातल्या संत्र्याला तो बसला आहे आणि कोणीतरी त्यावर नीट काम करायला हवं. ते कोणीतरी तुम्ही असाल, पण पीएच.डी. झाल्यावर. तुमच्या मुलाखती ज्या हंगामांच्या आहेत तो तुमचा अभ्यासकाळ. कुठून कुठपर्यंत, हे पहिल्याच प्रकरणात ठणकावून लिहायचं. नंतर बाजारात काय झालं, त्याचा एक परिच्छेद शेवटच्या प्रकरणात "पुढील संशोधनाच्या दिशा" याखाली. बाजार दर हंगामाला बदलणार. आंबिया बहार गेला की मृग येईल, मृग गेला की पुन्हा आंबिया. प्रत्येकामागे एक प्रकरण वाढवत बसलात तर मुलगा तुमच्या आधी पीएच.डी. होईल. आणि भलत्या उत्साहात शीर्षकाला हात लावू नका. शीर्षक बदललं की विषय परत कमिटीसमोर जातो आणि कमिटीची बैठक तुमच्या कॅलेंडरने होत नाही.

आता मुदतीचं. तुमची नोंदणी २०२० ची, म्हणजे तुम्हाला विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१६ चे नियम लागतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवे नियम आले, पण आधी नोंदणी झालेल्यांना जुनेच लागू ठेवले आहेत. सहा वर्षांची कमाल मुदत दोन्हींकडे आहे. महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. "मिळू शकते" हे नीट वाचा. ती आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो, आणि तो मुदत संपण्याच्या आधी. शिवाय बाळंतपण आणि बालसंगोपन मिळून संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. २०२२ मध्ये तुम्ही तशी लेखी रजा घेतली होती का, हे पत्रात नाही. बहुतेक घेतली नसणार. आपल्याकडच्या बायका बाळंतपणाची रजा मागायला लाजतात आणि "काम सुरू आहे" असा प्रगती अहवाल भरून देतात. मी कमिटीवर असताना असले अहवाल पाहिले आहेत. मूल पंधरा दिवसांचं आणि काम म्हणे सुरू!

विद्यापीठाच्या पीएच.डी. कक्षात जाऊन दोन गोष्टी लेखी विचारा : माझी सहा वर्षं नेमकी कोणत्या तारखेला संपतात, आणि सवलतीच्या अर्जाला कोणते कागद लागतात. नोंदणीच्या पत्राची झेरॉक्स सोबत न्या. नोंदणीची तारीख, प्रवेशाची तारीख आणि कमिटीने विषय मंजूर केल्याची तारीख या तीन वेगवेगळ्या असतात, आणि आपल्याला सोयीची ती खरी धरायची सवय असते. अर्ज तयार ठेवा, डिसेंबरमध्ये गरज वाटली तर द्या. पण ही दोन वर्षं हिशोबात धरू नका. घरात भरलेलं दुसरं सिलिंडर असलं की पहिलं जपून वापरलं जात नाही, तसं होतं. त्यात तुमचे सर पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. नव्या नियमांत निवृत्तीनंतर वयाच्या सत्तरीपर्यंत सह-मार्गदर्शक राहता येतं, पण मुख्य मार्गदर्शक म्हणून दुसरं माणूस येतं; तुम्हाला जुने नियम लागतात, तेव्हा तुमच्या बाबतीत काय, हेही कक्षात विचारा. त्या दुसऱ्या माणसाला तुमचं दुसरं प्रकरण आवडलं नाही, तर काय कराल? सर नोकरीत असताना प्रबंध गेलेला बरा, एवढं एकच कारण फेब्रुवारी धरायला पुरे आहे.

सोडून देऊ का, असंही विचारलंत. "पाच वर्षं घातलीत, आता पूर्ण कराच" असं मी म्हणणार नाही. गेलेली वर्षं गेली. सेट झालेल्या आहात, आणि १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही, नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे. तेव्हा नोकरीच्या दारावर "पीएच.डी. नसेल तर आत येऊ नका" अशी पाटी नाही. मुलाखतीत तिचं वजन पडतं, ते वेगळं. सोडायचं तर खुशाल सोडा, पण तक्ते पाहून सोडा. तक्ते पाहण्याआधी सोडणं म्हणजे भाजी न चाखता ताट सारणं.

आणि तक्ते फार लांब नाहीत. १७२ फॉर्म उरलेत. एकाला पंधरा मिनिटं धरा, ४३ तास होतात. रोज तीन तास बसलात तर पंधरा दिवस. मे महिना आहे, कॉलेज बंद. तासिकावाल्यांना सुट्टीचा पगार नसतो हे मला ठाऊक आहे आणि त्याचा मला रागही आहे, पण निदान वेळ तरी तुमचा आहे. घरात पोराच्या आणि कूलरच्या आवाजात बसू नका. गल्लीगल्लीत स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका निघाल्यात, एसीवाल्या. महिन्याची फी भरून दोन महिन्यांसाठी एक खुर्ची घ्या. आजूबाजूची बावीस वर्षांची मुलं मान वर न करता बसलेली असतात, त्याचाही धाक पडतो. सकाळी सात ते दहा, ऊन चढायच्या आत घरी. सासूबाईंना सांगा, पंधरा दिवस पोराचं सकाळचं त्यांच्याकडे. "होऊन राहिलं का" असं विचारणारं माणूस आतून मदतीला तयार असतं, असा माझा अनुभव आहे. नसतं ते विचारत नाही.

फॉर्म चढवताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. प्रत्येक कागदी फॉर्मच्या कोपऱ्यात लाल पेनाने क्रमांक घाला आणि एक्सेलच्या ओळीला तोच क्रमांक द्या, म्हणजे पुढे शंका आली तर कागद काढून पाहता येतो. रिकामी जागा आणि शून्य यांत घोळ करू नका. व्यापाऱ्याकडून विसार (आगाऊ रक्कम) घेतलाच नाही, त्याच्यापुढे शून्य. विसाराबद्दल जो बोललाच नाही, त्याची जागा रिकामी. दोन्हींत शून्य टाकलंत तर सरासरी विसार खाली येईल, आणि व्हायवाला पाऊण तास कशावर वाद होतो ते वर सांगितलंच आहे. दर दहाव्या फॉर्मला मागचा एक काढून पुन्हा तपासा. रोज रात्री फाईल स्वतःला मेल करा.

मग पहिला तक्ता काढा. एकच. कोणी उभा बगीचा व्यापाऱ्याला दिला, कोणी माल तोडून नागपूरच्या कळमना बाजारात नेला, कोणी थेट ग्राहकाला विकला. आडवं घ्या ते, आणि उभं घ्या बगीच्याचं क्षेत्र. या दोन गोष्टींचा संबंध आहे का ते पाहणारी काय-वर्ग कसोटी लावताना एखाद्या चौकटीतली अपेक्षित संख्या पाचच्या खाली जात असेल तर शेजारचे गट एकत्र करा, नाहीतर कसोटीला अर्थ राहत नाही. तक्ता छापा आणि घरी भिंतीवर लावा, स्वयंपाकघरात लावलात तरी चालेल. दोन दिवस येता-जाता बघा. तिसऱ्या दिवशी त्याच्याखाली हाताने तीन गोष्टी लिहा. यात काय दिसतं. यात मला काय अपेक्षित नव्हतं. आणि मुलाखतीत कोणी यावर काय बोललं होतं.

ती तिसरी गोष्ट तुमचा प्रबंध इतरांपेक्षा वेगळा करेल. आपल्याकडच्या प्रबंधांत तक्ता येतो आणि त्याच्याखाली तोच तक्ता शब्दांत लिहिलेला असतो : "वरील तक्त्यावरून असे दिसून येते की…" आणि मग सगळे आकडे पुन्हा. परीक्षकाला डोळे असतात हो. एखादा माणूस तुम्हाला म्हणाला असेल की पोरीच्या लग्नाला पैसे हवे होते म्हणून बहाराची फूट पाहूनच बगीचा देऊन टाकला, तर ते लिहा. लहान शेतकरी झाडावरच का विकतो, याचं उत्तर टक्क्यांत निम्मं आहे आणि निम्मं त्या वाक्यात.

गृहीतक चुकलं तर? मला वाटतं तुमची खरी भीती ही आहे. तुम्ही लिहिलं असेल की कळमन्यात माल नेणाऱ्याला जास्त पैसा सुटतो, आणि तक्ता म्हणेल की तोडणी, भाडं, हमाली, अडत वजा जाता तसं काही नाही. चुकलं तर चुकलं! "गृहीतक नाकारले जाते" हाही निष्कर्षच असतो, आणि पुष्कळदा जास्त कामाचा. माझ्या एका विद्यार्थिनीची चारपैकी तीन गृहीतकं पडली होती. रडत आली. परीक्षकाने व्हायवाला त्याच तीनवर तिची पाठ थोपटली.

लिहिण्याचा क्रम उलटा ठेवा. तक्त्यांची प्रकरणं आधी, जून आणि जुलै. मग संशोधन पद्धती, ते आठ दिवसांत होतं कारण ते तुम्ही जगलेल्या आहात. पूर्वसंशोधनाचा आढावा त्यानंतर, आणि नवं वाचन बंद. आता निष्कर्ष हातात असतील, त्यामुळे कोणता लेख कामाचा आणि कोणता नुसता भरतीचा ते लगेच कळेल. निष्कर्ष आणि शिफारशी नवरात्राच्या आसपास. मधे महालक्ष्म्या आहेत, ते तीन दिवस कामाचे धरू नका. घरात सोळा भाज्या आणि डोक्यात काय-वर्ग, असं होत नाही. पहिलं प्रकरण सगळ्यात शेवटी, आणि त्या ७० पानांची २० करा. भोसल्यांच्या काळात संत्रं इकडे कसं आलं, २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन कसं मिळालं, हे सगळं गोड आहे, लिहिताना मजा आली असणार. पण ती ७० पानं तुम्ही तक्त्यांपासून पळून लिहिलीत. कापलेली ५० फेकू नका. कुठल्यातरी दिवाळी अंकाला त्यातून छान लेख होईल.

दिवाळीआधी पूर्ण कच्चा प्रबंध सरांच्या हातात. कारण त्यानंतरही बरंच असतं : सरांच्या दुरुस्त्या, सल्लागार समितीसमोर प्री-सबमिशनचं सादरीकरण, त्यांच्या सूचना, वाङ्मयचौर्य तपासणीचा दाखला, फी, ना-हरकत, बाइंडिंग. प्रत्येक टेबलावर दोन-चार दिवस जातातच. सही करणारे साहेब नेमके रजेवर असतात. यात दीड-दोन महिने गृहीत धरा. लोकांचे प्रबंध लिहून तयार असतात आणि मुदत या टेबलांवर संपते.

वाङ्मयचौर्याच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानतात. १० ते ४० मध्ये आलं तर दुरुस्त करून पुन्हा द्यायला सांगतात, त्यासाठी जास्तीत जास्त सहा महिने. तुमच्याजवळ असे सहा महिने नाहीत. अवतरणचिन्हांत संदर्भासह दिलेला मजकूर आणि संदर्भसूची यात धरत नाहीत. धोका असतो तो व्याख्यांच्या आणि तालुक्याच्या माहितीच्या पानांत, जी आपण सगळेच कुठून तरी उचलतो. तेवढी पानं बसून स्वतःच्या भाषेत लिहा.

आणि टायपिंग! हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण शेवटच्या महिन्यात रडत येतो. मराठी प्रबंध यूनिकोडमध्येच टाइप करा. टायपिंगवाले भाऊ जुन्या फॉन्टात पटापट करून देतात, छापल्यावर दिसतंही सुरेख. पण ती फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा चिवडा. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर तो मजकूर मराठी म्हणून वाचूच शकत नाही, आणि शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, गेलेल्या तुमच्या प्रबंधात कोणी "संत्रा" शोधलं तर सापडणार नाही. फोनवर मराठी टाइप करता ना? तेच यूनिकोड. पहिल्या प्रकरणाची ७० पानं जुन्या फॉन्टात असतील तर कापाकापी झाल्यावरच बदलून घ्या, पैसे वाचतील. "थिसिस पूर्ण करून देतो" म्हणणारे भाऊही याच दुकानांच्या आसपास भेटतात. त्यांच्याकडे चहासुद्धा घेऊ नका.

राहिले सर. चार महिने भेटला नाहीत, म्हणून आता भेटायला मोठं काहीतरी घेऊन जावं असं वाटतंय. नका नेऊ. आज एक मेसेज टाका : "सर, नमस्कार. फील्डवर्क २६२ वर थांबवत आहे. महिनाअखेर तक्ते घेऊन भेटायला येऊ का?" माफी नको, मुलाच्या तापाची हकीकत नको. सरांनाही पोरंबाळं आहेत. उत्तर आलं नाही तर तीन दिवसांनी पुन्हा तोच मेसेज, तरीही नाही आलं तर सकाळी विभागात जाऊन बसा. मार्गदर्शक फोन उचलत नाही तेव्हा तो रागावलेलाच असतो असं नाही. मी कितीतरी विद्यार्थ्यांचे फोन उचलले नाहीत, कारण त्यांचं मागचं प्रकरण माझ्याच टेबलावर न वाचता पडलेलं असायचं.

भेटायला जाताना फॉर्मची पिशवी नेऊ नका. चार तक्ते, प्रत्येकाखाली तुमच्या तीन ओळी, आणि एका वेगळ्या कागदावर सरांनी निर्णय द्यायचे प्रश्न : २६२ वर थांबायला तुमची हरकत नाही ना? बांगलादेश प्रकरणाऐवजी परिच्छेद चालेल ना? प्री-सबमिशन कधी घेता येईल? उत्तरं तिथेच त्या कागदावर लिहून घ्या, आणि घरी आल्यावर त्यांना मेल करा, "आज ठरल्याप्रमाणे…" म्हणून. उद्या मार्गदर्शक बदलायची वेळ आलीच, तर हे मेल उपयोगी पडतील.

त्या नरखेडकडच्या काकांना फोन करा. सांगा की तक्त्यांत कोणाचं नाव येत नसतं, तिथे नुसते फॉर्म क्रमांक असतात, पण त्यांना चालत असेल तर ऋणनिर्देशात नाव घालते. नाव कसं लिहायचं ते विचारून घ्या, वडिलांच्या नावासकट. आणि त्यांचा फॉर्म त्या १७२ मध्ये असेल तर पहिला तोच चढवा.